घरातले बूट

"एक पाऊलही अनवाणी टाकायचं नाही," डॉक्टर म्हणाले, तेव्हा त्यांच्या मागच्या भिंतीवरच्या चित्रात एक परदेशी धावपटू डोंगरावर अनवाणीच पळत होता. चित्र बहुधा दुसऱ्या कुणीतरी निवडलं असावं.

दादरच्या त्या जागेला दवाखाना म्हणायची सोय नव्हती. पाटीवर इंग्रजीत 'लॅब' लिहिलेलं होतं. तिथे मला एका काळ्या पट्ट्यावरून चालवलं आणि माझं पाऊल लाल, पिवळ्या, निळ्या रंगात मोठ्या पडद्यावर उमटलं. लाल म्हणजे जिथे भार जास्त पडतो ती जागा. ती कुठे आहे हे मला ठणक्यावरून आधीच माहीत होतं, पण रंगात पाहिल्यावर माझ्या दुखण्याला एकदम प्रतिष्ठा आली. मग एका खोक्यातल्या मऊ फोममध्ये पाय दाबायला लावला. त्या ठशावरून माझ्या मापाचे सोल बनणार होते, बुटात घालायचे. ठशाचा फोटो आईला दाखवला तर ती म्हणाली, "गौरीची पावलं वाटतायत." गौर अनवाणीच येते, हे तेव्हा दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

मी ऑफिसच्या संघातून खो-खो खेळते. मागच्या मोसमात खांबाशी सूर मारताना पाय चुकीचा पडला आणि पावलाच्या मधल्या हाडाला भेग गेली. प्लास्टर निघालं तरी भेग पुरती भरली नव्हती. दिवाळीनंतर संघाची निवड होती. माझ्या वयाची बाई एक मोसम बाहेर बसली की तो तिचा निवृत्तीचा अर्ज समजतात. संघातून नाव गेलं की मी दुपारनंतर मैदानावर जाणारी उरणार नव्हते. उरणार होतं ते फक्त रेकॉर्ड विभागातलं टेबल, जिथे खिडकीसुद्धा दुसऱ्या विभागाच्या वाट्याला आलेली आहे.

सोल आले. गुळगुळीत, टणक, होडीसारखे. ते घालायला घरापुरते नवे बूटही घेतले.

"बूट? घरात?" आई म्हणाली.

"नवे आहेत. रस्त्याला लागलेसुद्धा नाहीत."

"पायातच घालायचे ना? मग बूटच ते."

"चामडं नाही गं त्यात."

"मी विचारलं का, चामडं आहे की रबर?"

लालबागच्या चाळीतलं आमचं घर म्हणजे बाहेरची खोली, आत स्वयंपाकघर, त्याच्या कोपऱ्यात मोरी, आणि ओटा नि मोरी यांच्यामध्ये फळीवर देव. मोरीकडे जायचं तर देवांसमोरूनच. वडील गेल्यापासून घरात मी, आई आणि देव. आईच्या दृष्टीने त्यातले ज्येष्ठ कोण, हे वेगळं सांगायला नको.

शेवटी असं ठरलं की उंबऱ्याच्या बाहेर बूट, आत नाही. म्हणजे बूट घातले की मी गॅलरीत, काढले की पलंगावर. मधे पलंगापासून मोरीपर्यंतची चार पावलं. "तेवढ्याने काय होतंय," आई म्हणायची. मलाही ते पटायचं, कारण पटवून घेणं सोयीचं होतं.

रजेचे ते दिवस मी गॅलरीत खुर्ची टाकून काढले. जेवणाचं ताट आई उंबऱ्यावरून हातात द्यायची. वाचनालयातून तुरुंगातल्या आठवणींची पुस्तकं आणली होती, ती अर्ध्यात परत केली. त्या लोकांना निदान कोठडीत बूट घालून फिरता येत होतं. चाळीतलं येणारं-जाणारं प्रत्येक माणूस माझ्या पायाशी थबकायचं, बुटांकडे बघायचं आणि काहीतरी उपाय सांगायचं. टोकाच्या खोलीतले आजोबा, गिरणीतून सुटून जमाना झाला तरी पाळीच्या हिशेबात बोलणारे, रोज विचारायचे, "काय गो, आज पण ड्युटी?"

"डबल पाळी, आजोबा."

"मग ओव्हरटाइम माग."

समोर टॉवर होता. तिथल्या एका बाल्कनीत संध्याकाळी एक बाई पळायचे बूट घालून यायची, फोनवर बोलत आत जायची, पुन्हा बाहेर यायची. आत. बाहेर. बूट न काढता. मी तिच्याकडे टक लावून बघत बसायचे. तिला बहुधा मी आगाऊ वाटत असेन.

तपासणीला गेले तर पडदा लालच. डॉक्टरांनी दोष ठशावर टाकला. नवा ठसा, नवे सोल. पुढच्या वेळी पुन्हा लाल. निवड जवळ येत चालली होती. मग त्यांना सुचलं.

"घरात काय घालता?"

"घरात कोण काही घालतं?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्या पायांकडे बघितलं. ते मोज्यांवर होते. त्यांच्या काचेच्या दारावर सुबक अक्षरांत लिहिलं होतं, 'पादत्राणे बाहेर काढावीत.' अनवाणी चालायची बंदी असलेले आम्ही सगळे पेशंट ती पाटी वाचून निमूट बूट काढायचो आणि त्या गार फरशीवरून चालत आत जाऊन सांगायचो की पाय अजून दुखतो. एवढ्या दिवसांत कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. मला तरी कुठे दिसलं होतं?

पाटी दुसऱ्या दिवशी गेली म्हणे. मला मात्र ते त्याच दिवशी म्हणाले, "घर किंवा मैदान. काहीतरी एक ठरवा."

हे मी आईला जसंच्या तसं सांगितलं. ती मेथी निवडत होती, निवडत राहिली. सकाळी आंघोळ करून तिने पूजा केली, कुलदेवीचा टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा ताम्हणात ठेवले, वर धुतलेला रुमाल घातला आणि ती बाहेर पडली. मी पलंगावरून बघत होते. रिकामं ताम्हण घेऊन परत आली.

"शेजारी काकूंकडे ठेवलेत. पाय बरा होईपर्यंत राहतील. आता घाल काय घालायचं ते."

मी बूट घालून स्वयंपाकघरात गेले. चोरी करायला शिरल्यासारखं वाटत होतं. बूट करकरायचे. आई पाठ फिरवून भाकरी थापत होती, आणि मी पाणी प्यायले तेही उभ्याउभ्या, पटकन, पकडली जाण्याच्या आत.

दोन्ही वेळा आई काकूंकडे जायची. संध्याकाळी दिव्याच्या वेळेलाच काकूंची मालिका असायची आणि टीव्ही देवांच्या बरोबर समोर. काकू म्हणायच्या, "या की, काय होतंय?" पण आई जाहिराती लागेपर्यंत हातात वात घेऊन दाराशी उभी राहायची. गॅलरीतून मला तिची पाठ दिसायची. पूर्वी मी एकटी अडकले होते, आता आम्ही दोघी.

लाल हळूहळू पिवळ्यावर आलं. दिवाळीनंतर माटुंग्याच्या मैदानावर निवड झाली. खांब घेताना सगळा भार त्याच पायावर आला, पण पायाने धरलं. संघात नाव आलं.

डॉक्टरांनी जुनं नि नवं पाऊल पडद्यावर शेजारी लावलं आणि घरात नवीन सोफा आणल्यासारखे बाजूला होऊन उभे राहिले. "उत्तम. आता हे सोल कायम."

"खेळताना?"

"कायम. घरातसुद्धा. अनवाणी राहिलात तर त्या हाडाचा भरवसा नाही."

त्यांनी हात मिळवला. मीही मिळवला. नाइलाज होता.

दादरहून घरी येईपर्यंत मी एक वाक्य तयार केलं होतं. "बरा झाला, आण देवांना." ते एक मोसमभर तरी खपलं असतं. तोवर हाडही बहुतेक टिकलं असतं. दार उघडलं तर ओट्यावर ताम्हण. चिंचेने घासून लखलखीत केलेलं, शेजारी घडी घातलेला रुमाल.

"काय म्हणाले?" आईने विचारलं.

वाक्य घशापर्यंत आलं. मग मी खरं ते सांगितलं.

"कायम म्हणजे?"

"खेळतेय तोवर तरी."

"आणि तुला खेळायचंय."

"हो."

आईने ताम्हण फडक्याने पुसलं, पुसायची गरज नसताना, आणि मांडणीवर उभं करून ठेवलं. मग वात घेऊन ती शेजारी गेली. मालिका सुरू झाली होती.

आमच्या घरात रिकामी जागा हा प्रकार कधी नव्हता. पलंगाखाली गाद्या, कपाटावर पिंपं, दारामागे इस्त्रीचं टेबल. ती फळी मात्र रिकामी आहे. परवा मी सहज तिच्यावर फोन चार्जिंगला ठेवला. आईने तो काढला आणि माझ्या हातात आणून दिला.