दाऊद मिस्त्री आणि विजेची गाडी

शहराच्या छावणी भागात दाऊद मिस्त्रींचं गॅरेज म्हणजे नुसतं पत्र्याचं शेड, पण गाडीच्या दुखण्यावरचा शेवटचा शब्द लोकांना तिथंच मिळायचा. लांब पेचकस इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे. बेअरिंग गेलंय की टॅपेट वाजतोय, हे ते ऐकूनच सांगत. फुलंब्रीचे आप्पासाहेब तर त्यांना विचारल्याशिवाय टायरसुद्धा बदलत नसत. आप्पासाहेबांचं शहरात बियाण्यांचं दुकान; रोजचं जाणं-येणं, शिवाय मालासाठी गावोगाव फिरणं.

एका सकाळी आप्पासाहेब आले ते पेचात पडूनच. जुन्या पेट्रोल गाडीचं इंजिन थकलं होतं. नवी घेणं भाग होतं, पण पेट्रोलची घ्यावी की विजेची, हे ठरत नव्हतं. साडूची विजेची गाडी त्यांनी दिवसभरासाठी मागून आणली होती.

"दाऊदभाई, घरात दहा तोंडांनी दहा गोष्टी चालल्यात. तुमी म्हणाल ती घेतो."

मिस्त्रींना ही गाडी मनातून खेळणंच वाटत होती. आणि खरं सांगायचं तर धास्तीही होती. असल्या गाड्या वाढल्या तर आपल्या शेडात कोण येणार? त्यांनी बॉनेट उघडलं. प्लग नाही, पट्टा नाही, ऑइल बघायची दांडी नाही. सवयीनं पेचकस टेकवून त्यांनी कान लावला. गाडी चालू होती, पण ऐकू आली ती समोरच्या लिंबावरची चिमणी.

गाडीची परीक्षा घाटात, असं म्हणून दोघं दौलताबादचा घाट चढून खुलताबादेकडे निघाले. पेट्रोलची गाडी जिथं दुसऱ्या गिअरात कण्हायची, तिथं ही काही न बोलता वर गेली. मात्र चार्जिंगचा आकडा भराभर उतरला. मिस्त्रींना जरा बरं वाटलं. चढावर लई पिते, असं त्यांनी सुनावलंही.

परतताना उतार लागला. आप्पासाहेबांनी पाय उचलला, तशी गाडी आपली आपणच धरून धरून उतरू लागली. मिस्त्रींची नजर आकड्यावर गेली. तो वाढला होता. त्यांना वाटलं, मीटर बिघडलंय. त्यांनी गाडी पुन्हा वर न्यायला लावली, पुन्हा उतरवली. आकडा पुन्हा वाढला.

मिस्त्री खाली उतरले आणि चाकाच्या आत ब्रेकजवळ त्यांनी जपून हात नेला. आच लागलीच नाही. याच उताराखाली त्यांनी किती गाड्यांचे तापलेले ब्रेक बघितले होते, जळक्या लायनरचा वास तर त्यांच्या कपड्यांतच मुरला होता. तो वास म्हणजे गाडी जुनी झाल्याची खूण, एवढंच ते समजत आले. आज त्यांना उमगलं की चढताना जाळलेल्या पेट्रोलचं बळच उतारावर असं ब्रेक तापवण्यात उडून जात होतं, आणि ही गाडी चाकं रोखता रोखता त्यातलं थोडं वीज करून बॅटरीत परत घेत होती.

"या अल्लाह," ते हळूच म्हणाले, "वाया जाणारं पण वेचता येतं व्हय."

मग बांधावर बसून त्यांनी दोन्ही बाजू मांडल्या. पेट्रोलला किलोमीटरमागं सातेक रुपये, घरच्या विजेवर दीडच्या आत. ऑइल, फिल्टर, क्लच यांचा खर्चच नाही. पण ही गाडी घेतानाच तीनेक लाख जास्त, विमा जड, वजनामुळं टायर लवकर झिजणार; आणि हमी संपल्यावर बॅटरी गेली तर मोठा फटका. ज्याचं फिरणं थोडं, त्यानं पेट्रोलचीच घ्यावी. आप्पासाहेबांचं फिरणं बघता चार-पाच वर्षांत जादाचा पैसा निघून येईल.

"तुमी हीच घ्या," मिस्त्री म्हणाले.

आप्पासाहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. "आन् तुमचं गिऱ्हाईक गेलं की वो."

"तुमी गाडीचं विचारलं. माझं मी बघतो."

आप्पासाहेबांनी विजेचीच घेतली. वळवाच्या वादळात फुलंब्रीची लाइट गेली तेव्हा त्यांना एसटीनं यावं लागलं, टायरही लवकर गेले. पण मिस्त्रींचा हिशोब मोठा चुकला नाही. शेडही ओस पडलं नाही, कारण पेट्रोलच्या गाड्या अजून ढिगानं होत्या. तरी घाटातला तो आकडा मिस्त्रींना स्वस्थ बसू देईना. बायको नजमुन्निसा म्हणाली, एवढं डोक्यात घोळतंय तर शिकून या.

वाळूजला विजेच्या गाड्यांची दुरुस्ती शिकवणारा कारागिरांचा वर्ग निघाला तेव्हा मिस्त्रींनी साठीत नाव घातलं. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्यानं सगळ्यांना जाड रबरी हातमोजे दिले आणि टेबलावर ठेवलेल्या बॅटरीचं झाकण उचललं. आत सारख्या आकाराच्या पेट्यांच्या ओळी, एकीला एक लागून, मधमाश्यांच्या पोळ्यातल्या घरांसारख्या, पण गप्प. ना दट्ट्या, ना दाते, हलणारं काहीच नाही, आणि एवढी मोठी गाडी हीच पळवते.

मिस्त्री पुढच्या बाकावर सरकले आणि चष्मा पुसून वाकून बघू लागले.