चहाच्या पातळीला डोळा

चौक गावच्या ढाब्यावर समोरच्या माणसाने आधी वाकून चहाच्या पातळीला डोळा लावला, मगच घोट घेतला. साजगावच्या कारखान्यात तो रसायनं मोजायचा, तिथलीच ही सवय. मी लेकीला रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकल परीक्षेला नेत होतो आणि वाटेत शिकवायची हौस भागवत होतो. “आम्ल दोन मोलर, लागणार अर्धा मोल. गुणाकार कर, एक लिटर घे.”

“काका, भागा!” तो दचकलाच. “मोलॅरिटी जास्त, तर द्रावण कमी लागतं. पाव लिटर बास. तुमच्या हिशोबानं ओतलं तर मार्क द्यायला मास्तर उरायचा नाय.”

परीक्षेत नेमकं तसंच गणित आलं, लेकीने भागलं.

संध्याकाळी मीही ऐटीत चहाच्या ग्लासापुढे वाकलो.

“कंबर धरली का हो?” बायकोने विचारलं.

“नाही गं आई,” लेक म्हणाली, “बाबा भागाकार शिकतायत.”