जवस झडायच्या आत

ओरेस्ट पांचुकने एकतीस वर्षं कॅनडात, सस्कॅचेवानमधल्या खडीच्या रस्त्यांवर ग्रेडर, म्हणजे पोटाखालच्या लांब पात्याने रस्ता घासून सारखा करणारं यंत्र, चालवला. निवृत्तीला घड्याळ मिळालं, ते त्याने दुकानात परत दिलं आणि वर पैसे घालून कॅमेरा घेतला.

त्या माळावर डोंगर नाही, झरा नाही. आभाळ आहे, आणि ते तासाला चार वेळा बदलतं. फोटो काढणं म्हणजे वाट बघणं, आणि वाट बघणं हे कष्टाचं काम आहे, हे त्याला कोणी शिकवावं लागलं नाही. पहाटे साडेचारला उठायचं, थर्मास भरायचा, पिकअपच्या हौद्यात उभं राहायचं आणि ढग मनासारखा होईस्तोवर हलायचं नाही. उगाच बटण दाबणं म्हणजे पातं न टेकवता ग्रेडर पळवणं, असं तो म्हणे. शंभरातले नव्याण्णव फोटो पुसून टाकी.

अडचण शेजाऱ्यांची होती. तिकडे रस्त्याकडेला गाडी उभी दिसली की मागचा माणूस थांबणारच. बंद पडली का, पेट्रोल संपलं का, छातीत दुखतंय का. तोवर त्याच्यामागून आलेला धुरळा सगळं आभाळ गिळून बसलेला असे. लाईल शेफर हा शेतकरी तर एका उन्हाळ्यात अकरा वेळा थांबला. शेवटी ओरेस्टने प्लायवुडवर लाल रंगात लिहिलं: ‘गाडी ठीक आहे. फोटो काढतोय. थांबू नका.’ पाटी पिकअपच्या मागच्या फळीला टांगली.

“शवपेटीवरही हीच लावू का?” बायको डार्लीनने विचारलं.

त्या जुलैत गावच्या सभागृहाची भिंत नवी झाली आणि समितीने तिच्यासाठी चार फुटी फोटो मागितला. ओरेस्टने फुललेल्या जवसावरचं काळं वादळ कबूल केलं. हातात नसलेली गोष्ट त्याने जन्मात पहिल्यांदा कबूल केली होती. जवस पहाटे फुलतं, दुपारपर्यंत त्याच्या पाकळ्या झडतात. आणि वादळं येतात ती दुपारनंतर. दोघांची गाठ पडायला सकाळचं वादळ हवं. त्यासाठी तो चार उन्हाळे थांबला होता. आता समितीची मुदत शुक्रवारपर्यंत होती.

मंगळवारी रात्री पाऊस झाला. बुधवारी आठ वाजता पश्चिमेला आभाळ काळंठिक्कर, पूर्वेला ऊन, आणि मध्ये लाईलचं शेत निळंशार. ओरेस्टने पिकअप रस्त्याच्या काठावर घेतली. काठ भिजून लोणी झाला होता. गाडी घसरली आणि म्हैस डबक्यात बसावी तशी चरात कलती होऊन बसली.

हौद्यात उभं राहणं संपलं. रस्त्यावरून निळ्याची नुसती दोरी दिसत होती. चादर दिसायला उंची हवी. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता.

लाईल आला. त्याने पाटी वाचली, चिखल उडू नये म्हणून वेग कमी केला आणि तिकडच्या रामरामाच्या रीतीने स्टिअरिंगवरून एक बोट उचललं. ओरेस्टने दोन्ही हात हलवले. लाईलने दोन बोटं उचलली आणि गेला. मागून डार्लीन आली, सभागृहासाठी पिरोगीची, म्हणजे उकडलेल्या करंज्यांची, भांडी घेऊन. तिने हॉर्न वाजवला, हसली आणि तीही गेली. फोटोसाठी हा माणूस गाडी तिरपीसुद्धा करील, असं वाटलं, हे तिने नंतर सांगितलं.

मग ग्रेडर आला. त्यावर ग्वेन मॅकार्थर होती. पन्नाशीची, ओरेस्टच्या जागी आलेली. भेटेल तिथे तो तिला ऐकवत असे की तिचा रस्ता मध्ये सपाट होतो, पाणी साचेल. ती म्हणे, तू निवृत्त आहेस, आराम कर.

ग्वेनने इंजिन मंद केलं.

“पाटी वाचली,” ती म्हणाली. “पण आधी काठ बघितला. कुणी मुद्दाम असं घसरत नाही. साखळी लावू?”

ओरेस्टने ढगाकडे पाहिलं. साखळी लावायची तर वीस मिनिटं, आणि आभाळ पाच मिनिटंही देणार नव्हतं.

“साखळी राहू दे. मला वर घे.”

तिने दाराशी ठेवलेला आपला जेवणाचा डबा मांडीवर घेतला. गुडघे कुरकुरत असताना तो ओळखीची शिडी चढला आणि दाराशी एका हाताने दांडी धरून उभा राहिला. इथून त्याने एकतीस वर्षं हेच बघितलं होतं. तेव्हा कॅमेरा नव्हता. निळी चादर, तिच्यावर काळी भिंत, मध्ये उन्हाची पट्टी. त्याने नऊ फोटो काढले. दहावा काढायच्या आत पाऊस कोसळला.

एका सीटच्या केबिनमध्ये दोघं अंग चोरून बसली आणि ग्वेनच्या डब्यातली बेरीची गोड पेस्ट्री वाटून खाल्ली. ओरेस्ट काचेतून रस्ता बघत होता. बराच वेळ बघत होता.

शनिवारी फोटो भिंतीवर चढला. त्या वादळातल्या गारा लाईलचं शेत चुकवून गेल्या होत्या, त्यामुळे लाईल प्रत्येकाला आपलं जवस दाखवत फिरत होता. ग्वेन मात्र ताट घेऊन फोटोच्या खालच्या कोपऱ्यासमोर उभी होती. तिथे रात्रभर भिजलेला रस्ता होता, मध्ये उंच, दोन्हीकडे उतरता, एकही डबकं नसलेला.

ओरेस्ट तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. घसा खाकरला.

“पाणी साचत नाही,” तो म्हणाला.

ग्वेनने काटा ताटात ठेवला. “पुन्हा म्हण.”

“एकदाच सांगणार.”

“मग पाटीवर लिहून दे.”

सोमवारी सकाळी त्याने प्लायवुडची नवी फळी घेतली आणि लाल रंगाचा डबा उघडला.