वाल्मीकनानांच्या राखेच्या फुलदाण्या

एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या लांबून बघणाऱ्याला धूर दाखवतात. वाल्मीकनानांना त्यांनी राख दाखवली. नोकरी लागली ती राखेच्या खात्यात, आणि उतारवयात गळ्यात हार घालून निरोप मिळाला तोही तिथूनच. बॉयलरखाली कोळसा जळायचा, वीज दूरदूरच्या शहरांना जायची आणि मागे उरलेली राख नानांच्या वाट्याला यायची. ती शर्टाच्या शिवणीत बसे, कानाच्या पाळीमागे बसे, डब्यातल्या भाकरीला लागे. सुमनबाईंनी संसार केला तो नवऱ्याशी थोडा आणि राखेशी जास्त.

नाना निवृत्त झाल्यावर सुमनबाईंनी त्यांचे कामाचे कपडे अंगणात जाळले आणि हात झटकून म्हणाल्या, "सुटले बाई एकदाची."

सहा महिने झाले नसतील, तोच नाना सायकलवर पोतं घालून आले. पोत्यात राख.

"आता काय, अंगाला फासून गोसावी होताय का?" सुमनबाईंनी विचारलं.

"फुलदाण्या करनार हाय," नाना म्हणाले. एखाद्याने गावाला पूल बांधणार आहे म्हणावं तसे.

त्यांनी मोबाइलवर कुणा बाईला सिमेंटची फुलदाणी करताना पाहिलं होतं. नानांनी विचार केला, नुसत्या सिमेंटाची कशाला? राखेच्या विटा होतात, त्यांची घरं होतात, तर फुलदाणी का होऊ नये?

आणि झाली. रीत अगदी सोपी होती. कोल्ड्रिंकची मोठी प्लास्टिकची बाटली घ्यायची, तळ कापायचा आणि बूच लावून उलटी उभी करायची, असं नानांनी आधी केलं. फुलदाणी झाली, पण उभी राहीना. मग त्यांनी बाटली सुलटी ठेवली, मधोमध कापली, आत दोन खड्यांवर वाळूने भरलेली बारकी बाटली उभी केली, वरचा अर्धा तुकडा तोंड छाटून पुन्हा बसवला, चिकटपट्टी लावली आणि मधल्या फटीत चाळलेली राख, थोडं सिमेंट आणि पाणी असा ताकासारखा काला ओतला.  दुसऱ्या दिवशी वाळू सांडून आतली बाटली ओढून काढली, ब्लेडने बाहेरचं प्लास्टिक सोललं, तर आतून निघाली ती पावसाळी आभाळाच्या रंगाची, गुळगुळीत, कमरेत बारीक आणि गळ्याला निमुळती अशी वस्तू. नानांनी ती तळहातावर घेतली. जन्मभर जी राख त्यांनी फावड्याने लोटली, ती आज त्यांच्या हातावर मान वर करून उभी होती.

मग घर भरलं. खिडकीत फुलदाण्या, कपाटावर फुलदाण्या, न्हाणीघरात पाण्यात मुरत घातलेल्या फुलदाण्या. काहींना नानांनी गेरू लावला, काहींना गळ्याभोवती सुतळी गुंडाळली. आणि वाटायला सुरुवात केली.

आता आमच्या भागाची गंमत अशी, की आमच्याकडचा गुलाब ट्रकात बसून मुंबईला जातो, गुलछडी जाते, झेंडू जातो. पण गावात कुणी फूल पाण्यात घालून टेबलावर ठेवलंय, असं कुणी पाहिलेलं नाही. फूल देवाला, नाहीतर वेणीत. त्यामुळे लोकांनी नानांच्या फुलदाण्या आनंदाने घेतल्या आणि आपापल्या अकलेप्रमाणे कामाला लावल्या. शेजारच्या धनराजने टूथब्रश ठेवले. किराणा दुकानात उदबत्त्यांचा पुडा उभा राहिला. एकाने टीव्हीचा रिमोट ठेवला, तो आतच अडकला.

"एक फूल ठेवा की रे कुनीतरी!" नाना म्हणायचे.

"सडवायला?" सुमनबाईच विचारायच्या. "मुलखावेगळं मानूस. फूल काय लोनचं हाय, बरनीत घालायला?"

नानांच्या मनाला हे फार लागायचं. त्यांना दाम नको होता, मान नको होता. एक घर हवं होतं, जिथे त्यांच्या हातची फुलदाणी खऱ्या फुलांनी भरून दिवाणखान्यात उभी असेल आणि येणारा जाणारा म्हणेल, वा!

असं घर त्यांच्या ओळखीत एकच होतं. लेक निकिता शहरात इंदिरानगरला सासरी फ्लॅटमध्ये राहत होती. तिच्याकडे काचेचं टेबल होतं. नानांनी जीव ओतून एक फुलदाणी केली, पॉलिश पेपरने घासून तिला आरशासारखी केली आणि गुलछडीच्या काड्या घेऊन बसने गेले. निकिताने ती कौतुकाने टेबलावर ठेवली. विहीणबाई चष्मा लावून जवळ आल्या.

"छान आहे हो. कशाची केलीय?"

"राखेची," नाना छाती फुगवून म्हणाले. "आमच्या एकलहऱ्याची राख!"

विहीणबाईंनी पुढे केलेला हात हळूच पदरात घेतला.

पुढच्या खेपेला फुलदाणी टेबलावरून शोकेसच्या कोपऱ्यात गेली होती आणि तिच्यात प्लास्टिकची जांभळी फुलं होती.

"अण्णा, पाणी सांडतं ना, सोफ्याला डाग पडतात," निकिता वडिलांना म्हणाली.

 फुलदाणी शहरात तर आहे, दिवाणखान्यात तर आहे, एवढ्यावर नानांनी मनाची समजूत घातली.

आणि मग धनराजचे वडील झिपरूआबा वारले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मंडळी राख सावडायला निघाली, तेव्हा लक्षात आलं की मडकं आणायचं राहिलं. कुंभाराचं घर लांब. धनराज तसाच उघड्या अंगाने नानांच्या दारात आला.

"नाना, तुमचं एक भांडं द्या."

"भांडं नाय ते. फुलदानी हाय."

"असू द्या हो. तोंडाला फडकंच बांधायचंय."

मेल्या माणसाच्या कामाला नाही कसं म्हणायचं? नानांनी दिली. अस्थी घरात आणायच्या नाहीत, रामकुंडावर विसर्जनाला नेईपर्यंत झाडाला टांगायच्या, ही आमच्याकडची चाल. धनराजने फुलदाणी लिंबाला टांगली. मडक्याची दोरी सरकते, कावळे ओढतात, कधी मडकं पडून फुटतं आणि भावकीत कुजबुज सुरू होते. नानांच्या फुलदाणीच्या बारीक कमरेला दोरी अशी बसली, की वाऱ्यावादळात हलली नाही. दहाव्याला आलेले पाहुणे पिंडाकडे कमी आणि लिंबाकडे जास्त बघत होते.

"काय नामी कलश हाय!" एक म्हातारा म्हणाला. "राखेत राख. कुनी केला म्हनं?"

झालं. नाना एका दहाव्यात प्रसिद्ध झाले. पंचक्रोशीत कुणी गेलं, की तिसऱ्या दिवशी पहाटे नानांचं दार वाजू लागलं. लोक सूचनाही करू लागले. तोंड थोडं मोठं ठेवा, मूठ आत जात नाही. गेरू लावू नका, साधाच बरा दिसतो. एक जण तर आईची तब्येत नाजूक आहे म्हणून आधीच सांगून गेला.

नाना प्रत्येकाला बजावायचे, "फुलदानी हाय ही."

"होय होय," लोक म्हणायचे आणि डोक्याला लावून घ्यायचे.

सुमनबाईंनी कपाळावर हात मारला. "सवाष्णीचं घर हे! दारात निस्ती टकुरी भादरलेली मान्सं!"

ही कीर्ती इंदिरानगरला पोचायची राहते थोडीच? विहीणबाई नात्यातल्या कुणाच्या दहाव्याला एका खेड्यात गेल्या. तिथे झाडाला त्यांना थेट आपल्या शोकेसमधल्यासारखी फुलदाणी लटकलेली दिसली. संध्याकाळी निकिताचा फोन आला.

"अण्णा, तेवढी घेऊन जा ना. आई जेवत नाहीयेत."

नाना गेले. फुलदाणी दाराबाहेर, चपलांच्या शेजारी, पिशवीत बांधून ठेवली होती. प्लास्टिकची फुलं मात्र आत दुसऱ्या फुलदाणीत उभी होती. नानांनी चहा घेतला, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पिशवी उचलली. बसमध्ये त्यांनी ती मांडीवर ठेवली होती. त्यांनी ठरवलं, आता बंद. राहिलेली राख खड्ड्यात टाकायची.

घरी आले तर ओट्यावर गावातली आक्काबाई बसलेली. तिचा नवरा परवाच गेला होता. जन्मभर गुलाबाच्या शेडमध्ये फुलं तोडायला होता तो.

"नाना, एक द्या."

"संपल्या. आनि मी सोडलं ते काम."

"मंग त्या पिशवीत काय हाय?"

नानांनी पिशवी पाठीमागे घेतली. मग म्हणाले, "ही फुलांसाठी हाय, आक्का."

"मला बी फुलंच घालायचीत," आक्काबाई म्हणाली. "लाखांनी गुलाब तोडला त्या मान्सानं, घरी येक आनला नाय. मालक मोजून घ्यायचा. अस्थींवर तरी घालीन म्हनते."

नानांनी पिशवी तिच्या हातात दिली. आणि विसर्जनाच्या दिवशी, कुणी बोलावलं नसताना, तिच्यासोबत रामकुंडावर गेले.

तिथे त्यांनी पाहिलं. फडकं सोडून आक्काबाईने फुलदाणीत लाल गुलाब उभे केले होते. निमुळत्या गळ्याने ते अलगद धरले होते, एकही मान पडली नव्हती. गुरुजी मंत्र म्हणत होते, आक्काबाई डोळे पुसत होती आणि वाल्मीकनाना, देवा शपथ, हसत होते.

गुलाब पायरीवर काढून ठेवून अस्थी पाण्यात सोडल्या. मडकं तिथेच फोडायचं असतं. आक्काबाईच्या दिराने फुलदाणी पायरीवर आपटली. ठण्णकन आवाज झाला. पुन्हा आपटली. पायरीचा टवका उडाला.

"हे काय आणलंय?" गुरुजी वैतागले.

"सिमेंटाचा एकास दोनचा माल हाय," नाना हळूच म्हणाले. "फुटायचा नाय."

शेवटी दिराने ती तशीच सोडली आणि मंडळी अंघोळीला उतरली. नानांनी ती पाण्यात चांगली खळबळून धुतली, भरली, गुलाब पुन्हा आत ठेवले आणि पायरीवर उभी केली. नुसती बघायला. तेवढ्यात फिरायला आलेली एक मुलगी थांबली. तिने फोटो काढला. मग आणखी एक.

"काका, किती सुंदर फुलदाणी आहे! तुमची?"

फुलदाणी! हा शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला नाना इतके महिने थांबले होते.

"मीच केली. राखेची हाय," ते म्हणाले आणि जीभ चावली. पण मुलीने हात मागे घेतला नाही.

"म्हणजे इको-फ्रेंडली! मला द्याल? माझ्या हॉलमध्ये इतकी शोभेल!"

नानांनी ओल्या लुगड्याने पायरीवर बसलेल्या आक्काबाईकडे पाहिलं. खरं सांगितलं तर मुलगी किंचाळून पळणार होती. न सांगितलं तर त्यांची फुलदाणी आज संध्याकाळी कुणाच्या तरी दिवाणखान्यात खऱ्या गुलाबांसकट उभी राहणार होती.

आक्काबाईनेच पदराने नाक पुसलं. "ने गं बाई," ती म्हणाली. "मान्सांत ऱ्हाईल."

मुलीला ते कळलं नाही. तिने फुलदाणी छातीशी धरली आणि पायऱ्या चढू लागली. नाना घाईने दोन पायऱ्या तिच्यामागे गेले. सांगावं, असं त्यांना एकदा खरंच वाटलं होतं.

"ताई," ते म्हणाले, "पानी तेवढं रोज बदला."