मुकी भाजी आणि कुसुमवहिनी

दादाचा फोन आला तेव्हा मी लोणीच्या शाळेत पोषण आहाराचा तांदूळ उतरवून घेत होते. पोती ओसरीत ठेवायची की वर्गात, यावरून टेम्पोवाल्याचं आणि आमच्या शिपायाचं वाजलं होतं. त्या गलबल्यात दादा म्हणाला, "शैला, कुसुम गेली." मी विचारलं, "कुठं?" तो मग म्हणाला, "गेली गं…" सकाळी दुकानात चक्कर येऊन पडली, पुण्याला न्यायला गाडी केली, आणि राजगुरुनगरच्या अलीकडेच सगळं संपलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता म्हणे. मी तांदळाच्या पावतीवर सही केली, मुख्याध्यापकांना सांगितलं आणि मंचरहून जुन्नरची गाडी धरली. वाटेत मला रडू आलं नाही. आपण दादाला 'कुठं' असं का विचारलं, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

कुसुमवहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. लग्न होऊन निमगाव साव्याला आमच्या घरी आली तेव्हा मी डी.एड. करत होते. वयानं ती माझ्याहून थोडीच मोठी, पण रिवाजाप्रमाणे मला 'वन्सं' म्हणायची आणि अहो-जाहो करायची. मी तिला सरळ अगं-तुगं. बारावीपर्यंत शिकलेली, बोलायला कमी. पण कुठला खेळ निघाला की तिचा चेहराच बदलायचा. जिंकण्याहरण्याचं तिला फारसं काही नसे, तिला नियम लागायचे. आम्ही पत्ते खेळायला बसलो की पानं वाटायच्या आधी विचारायची, "हुकूम लपवायचा का सांगायचा? आधी ठरवा, मग भांडण नको." सागरगोट्यांत हाताला लागलेला खडा बाद की नाही, यावर ती माझ्या आत्याशी संक्रांतीच्या दिवशी तासभर वाद घालत बसली होती. आत्या शेवटी म्हणाली, "ही पोरगी वकिलाच्या घरी द्यायची व्हती."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा टीव्हीवर आठवड्यातून एकदा संध्याकाळी 'डाव दोघींचा' नावाचा कार्यक्रम लागायचा. घरातल्या कुठल्याही दोन बायका, सासू-सुना, जावा-जावा, माय-लेकी, जोडीनं यायच्या आणि घरातल्याच वस्तूंचे खेळ खेळायच्या. एकीचा डावा हात आणि दुसरीचा उजवा असा मिळून एक लाडू वळायचा, तो 'एका हाताचा लाडू'. डोळे बांधून दुसरीच्या केसांचा तिपेडी शेपटा घालायचा, ती 'आंधळी वेणी'. चाळणीतून पाणी न्यायचं, ते 'चाळणीतलं पाणी'. कार्यक्रम संपला की दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी तेच खेळ आमच्या पडवीत लावायची. आई कुरकुरायची, "अगं, लाडवाचं पीठ वाया चाललंय," पण बघायला मात्र पुढं बसायची. मग एक दिवस वहिनीनं दोघींच्या नावानं पोस्टकार्ड टाकलं, आणि काही महिन्यांनी बोलावणं आलं.

आम्ही पहाटेच्या गाडीनं पुण्याला गेलो. स्टुडिओत इतके दिवे की अंगातला घाम आटेना. आमच्या वाट्याला नवाच खेळ आला, त्या दिवशी पहिल्यांदाच लावलेला. त्याचं नाव 'मुकी भाजी'. एका बाजूला भाज्यांची मोठी टोपली, तिथं एक जण. समोर, बऱ्याच अंतरावर दुसरी. दुसरीच्या हातात चिठ्ठी देतात, तीवर भाजीचं नाव. तिनं तोंड उघडायचं नाही आणि भाजीचा आकारही हातांनी दाखवायचा नाही. ती भाजी निवडताना, चिरताना, शिजवताना बाई जे करते तेवढंच करून दाखवायचं. पहिलीनं ओळखून ती भाजी पाटीत टाकायची. चुकीची टाकली तर आधीची बरोबर टाकलेलीही एक परत काढायची. वहिनी मुकी झाली आणि मी टोपलीशी. तिनं पदरानं काहीतरी एकेक पुसल्यासारखं केलं. मी भेंडी उचलली, कारण आमच्या घरी भेंडी धुऊन, पुसून मगच चिरतात. शेवटी तिनं दोन्ही तळव्यांना तेल चोळल्यासारखं केलं. तेल फणसाला लावतात आणि खाजेच्या सुरणालाही. टोपलीत फणस नव्हता. मी सुरण टाकला आणि आम्ही जिंकलो. निवेदिकेनं वहिनीला विचारलं, "कसं वाटतंय?" वहिनी म्हणाली, "नियम चांगलाय." लोक हसले. ती गंमत करत नव्हती.

बक्षीस कार्यक्रम दाखवल्यावर घरपोच येणार होतं. आईनं गावभर सांगितलं. त्या संध्याकाळी आमच्या पडवीत बसायला जागा उरली नाही, लेण्याद्रीकडचे पाहुणेही आले होते. भेळ झाली, चहा झाला. टीव्ही लावला तर नुसती सतार. कुणीतरी मोठे पुढारी त्याच दिवशी वारले होते आणि सरकारी दुखवटा होता. सगळे बराच वेळ सतार ऐकत बसले, मग एकेक जण उठला. पुढल्या आठवड्यात कार्यक्रम लागला नाही, त्याच्या पुढल्याही नाही. तो बंदच झाला. बक्षीस आलं नाही. स्टुडिओत फोटो काढू दिले नव्हते, त्यामुळे आम्ही तिथं गेल्याचं दाखवायला आमच्याकडे काहीही नव्हतं. सुरुवातीला लोक हळहळले. मग कुणीतरी म्हणालं, "पुन्याला फिरून आल्या आन टीवीचं नाव सांगत्यात." पुढं कुणी थाप मारली की गावात म्हणायचे, "हा कुसुमचा टीवी दिसतोय." मी लग्न होऊन लोणीला आले, माझी सुटका झाली. वहिनी तिथंच होती. बाजारात, हळदीकुंकवाला, अगदी भावकीच्या लग्नात तिनं ते कितीदा ऐकलं असेल, कोण जाणे. माझ्यापाशी तिनं एकदाही तक्रार केली नाही. चिडायचीही नाही. फक्त तेव्हापासून टीव्हीसमोर बसणं तिनं सोडलं.

दोन हजारनंतर दादानं शेती वाट्यानं दिली आणि जुन्नरला एसटी स्टँडजवळ झेरॉक्स आणि इंटरनेटचं दुकान टाकलं. दुपारी गिऱ्हाईक नसायचं, तेव्हा वहिनी दुकान सांभाळायची. कॉलेजच्या पोरांचं बघून बघून शिकली. इंटरनेटवर एक ज्ञानकोश असतो, जगातल्या कुणीही त्यात लिहावं, दुसऱ्याचं दुरुस्त करावं, आणि मराठीतही तो सुरू झाला आहे, हे तिला तिथंच कळलं. त्यात 'डाव दोघींचा'वर कुणीतरी दोन ओळी टाकून ठेवल्या होत्या : अमुक वाहिनीवरचा मनोरंजनाचा कार्यक्रम, एवढंच. वहिनीनं 'निमगावकर' असं नाव घेतलं आणि एकेक खेळ लिहायला घेतला. खेळाचं नाव, साहित्य, नियम, बाद कसं होतं, बरोबरी झाली तर काय. मी शनिवारी दुपारी जायची तेव्हा ती टाइप करत बसलेली असे. भारनियमनाची वेळ झाली की लिहिलेलं सगळं जायचं, ती कपाळाला हात लावायची आणि लाइट आली की पुन्हा पहिल्यापासून. दादा म्हणायचा, "कोन वाचनार हाय ते?" ती म्हणायची, "न वाचू देत. चुकीचं तर राहणार नाही."

पण चुका तिच्याही व्हायच्या. 'चाळणीतलं पाणी'त जास्त पाणी नेणारी जोडी जिंकते, असं तिनं लिहिलं होतं. लेण्याद्रीच्या पायथ्याला राहणाऱ्या रमाबाई साळवे तिच्या ओळखीच्या. आरोग्य खात्यात नोकरी करायच्या, आणि संध्याकाळची पाळी असली की घरच्यांना व्हिडिओवर हा कार्यक्रम उतरवून ठेवायला सांगायच्या. त्यांच्याकडे अजून दोन कॅसेट असल्याचं कळल्यावर वहिनी मला घेऊन गेली. एका कॅसेटला बुरशी लागलेली, दुसरी चालली. तीत स्पष्ट होतं : पाणी किती नेलं त्याला महत्त्व नव्हतं, खालची सतरंजी कमी भिजवणारी जोडी जिंकायची. रमाबाई म्हणाल्या, "असू द्या हो ताई, कोणाला आठवतंय आता." वहिनीनं दुसऱ्याच दिवशी ते बदललं आणि खाली लिहिलं, 'आधीची माहिती माझी चुकीची होती.'

त्या ज्ञानकोशावर देखरेख करणारे काही जण असतात. त्यांतले एक 'घाटवाट' या नावानं लिहायचे, नागपूरला बँकेत होते हे आम्हाला फार पुढं कळलं. वहिनीला ते 'निमगावकरसाहेब' म्हणून लिहायचे आणि तीही तशीच उत्तरं द्यायची. शेवटी, सगळे खेळ संपल्यावर, तिनं 'मुकी भाजी' लिहिला. नियम लिहिले आणि खाली एक ओळ : हा खेळ एकदाच, चित्रीकरणात खेळला गेला, निमगाव सावा येथील जोडी जिंकली, भाग प्रसारित झाला नाही. घाटवाटांनी विचारलं, 'निमगावकरसाहेब, याला आधार काय? कुठं छापून आलंय का, कुठं दाखवलं गेलंय का?' त्यांचं बोलणं सभ्यच असायचं. तुम्ही खोटं लिहिता असं त्यांनी म्हटलं नव्हतं. स्वतःच्या आठवणीवर तिथं काही लिहायचं नाही, असा नियमच आहे.

मी त्या शनिवारी दुकानातच होते. मला राग आला. म्हटलं, "लिही त्याला, की ती जोडी मीच आहे. माझी सही पाहिजे तर मी देते." वहिनी म्हणाली, "वन्सं, मागं एकानं लिहिलं होतं की त्याची मावशी 'आंधळी वेणी'त पहिली आली. मीच काढलं ते. पुरावा मागितला, तो देऊ शकला नाही."

"तो खोटं सांगत असेल."

"खरंही सांगत असेल…"

"अगं, पण गावात तुला एवढं बोलतात. हे एक तरी राहू दे."

"त्याच्यासाठीच लिहिलं होतं मी," ती म्हणाली, "म्हणून तर राहू द्यायला नको." आणि तिनं आपल्या हातानं तो सगळा खेळ पुसला. मग उठून एका गिऱ्हाइकाचा सातबारा झेरॉक्स करून दिला. तो विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. तिला किती लागलं, ते मला तेव्हाही नीट कळलं नाही आणि आजही मी सांगू शकत नाही. त्या दिवशी निघताना तिनं मला स्टँडवर सोडायला यायचं टाळलं, एवढं आठवतं.

दहाव्याला घाटावर एक म्हातारे गृहस्थ माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. आमच्याच भावकीतले. नदीकडे बघत म्हणाले, "शैला, तिचं ते टीवीचं… खरं व्हतं का गं?"

"खरं होतं, तात्या."

"मंग जिकलं कोन?"

"आम्ही."

त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "लई बोललो आमी तिला," म्हणाले, आणि गर्दीत मागं गेले.

घाटवाटांनी दुकानाचा नंबर कुठून मिळवला माहीत नाही, पण निमगावकर बरेच दिवस दिसले नाहीत म्हणून त्यांनी फोन केला. दादानं सांगितलं, त्या माझ्या मिसेस होत्या. मग ते म्हणाले, "मी इतकी वर्षं साहेब म्हणत आलो." दादा म्हणाला, "तिला चाललं ते. घरी येऊन हसायची." फोन ठेवण्याआधी ते म्हणाले, तो 'मुकी भाजी' कुठं छापून आला तर मला जरूर कळवा. आता या लेखात तो छापला जातोय. पण हाही माझ्याच आठवणीतून आलेला आहे, आणि मी पडले त्या जोडीतली. तेव्हा हा आधार चालतो की नाही ते त्यांनी ठरवावं. वहिनीला विचारलं असतं तर काय म्हणाली असती, याबद्दल मला फारशी शंका नाही.

परवा जुन्नरला गेले होते. दुकान नुकतंच उघडलं होतं, झेरॉक्सचं मशीन अजून तापलं नव्हतं. आतल्या कोपऱ्यात, वहिनी बसायची त्या खुर्चीवर दादा होता. हल्ली तो रोज सकाळी आधी तिनं लिहिलेलं पान उघडून बघतो, मग दुकान झाडतो. त्या दिवशी कुणा शाळकरी पोरानं एक खेळ पुसून तिथं आपलं नाव लिहून ठेवलं होतं. आधीचा मजकूर एका झटक्यात परत आणायची सोय तिथं असते, वहिनीनं मला ती दाखवली होती. दादाला ती ठाऊक नव्हती. तो एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, सगळं आठवून पुन्हा लिहीत होता. साहित्य, नियम, बाद कसं होतं, सतरंजीचं, सगळं. कोण वाचणार म्हणणाऱ्या माणसानं ते कधी पाठ केलं, देव जाणे. मी ती सोय त्याला सांगितली नाही. मागं उभी राहिले. थोड्या वेळानं त्यानं न वळता विचारलं, "शैला, चाळणीला 'न' कुठला? नळातला का बाणातला?"

"बाणातला."

"आन पान्याला?"

"तोही बाणातलाच."

त्यानं दोन्ही सुधारले. पहिल्यापासून एकदा ओठ हलवत वाचलं. मग खाली 'जतन करा' असं लिहिलेलं असतं, त्यावर माउस नेऊन बोट दाबलं.