कदम मॅडम आणि मी बुडवलेली टीम

आमची बास्केटबॉलची टीम कदम मॅडमनी बुडवली नाही.
मी बुडवली.

बारा वर्षं जव्हारात सगळे उलटं बोलत आले आणि मी ऐकून गप्प बसले.

आज सकाळी जुन्या हॉस्टेलच्या ग्रुपवर मेसेज आला. मॅडम गेल्या. सहा महिने आजारी होत्या म्हणे. मला पत्ताही नव्हता.

तेव्हा मी शाळेत हजेरी घेत होते. नंतर काय शिकवलं, आठवत नाही. दिवसभर डोळ्यांसमोर कॉलेजचं ते सिमेंटचं कोर्ट तरंगतंय.

पावसाळ्यात तिथं इतकं धुकं उतरायचं की अर्ध्या लाइनवरून रिंग दिसायची नाही.
बॉल वर जायचा आणि नाहीसा व्हायचा.
आम्ही सगळ्या कान देऊन उभ्या.
जाळीचा सळ्ळकन आवाज आला की ओरडायचं.

तो खेळ आम्हाला कॉलेजचे आधीचे कोच गावित सर यांनी दिला. सर जामसरचे, आमच्यासारखंच बोलणारे. पोशेऱ्याला आमच्या घरी आले, बाबांशेजारी ओट्यावर बसले, नागलीची भाकर खाल्ली आणि म्हणाले, "पोर उंच हाय. माझेकडं द्या."

बाबांनी दिली.

सरांच्या वेळी आम्ही झोनलच्या फायनलला जायचो. शहरातल्या पोरी आम्हाला बघून कुजबुजायच्या. मी कॅप्टन. बॉल माझ्याकडे द्यायचा आणि मी बास्केट मारायची, एवढंच आमचं प्लॅनिंग.

मग सर रिटायर झाले आणि साताऱ्याकडून कदम मॅडम आल्या. ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी, हातात वही. त्यांना आमचं बोलणं कळायचं नाही, आणि त्यांच्या बोलण्याला आम्ही हसायचो.

पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "सुनंदा, एकटीच खेळू नको. बॉल फिरू दे. बाकीच्या चौघी काय बघायला आल्यात?"

सगळ्यांसमोर.
मला ते फार लागलं.

रविवारी मी जामसरला गेले. सर शेतात आवणी करत होते.

"सर, त्या बाईला काही येत नाही. तुम्ही परत या."

हातात भाताची रोपं धरून सर तसेच चिखलात उभे राहिले. "खेळ बिघडलाय, का तुला राग आलाय?"

मी बांधावरचं गवत उपटायला लागले.

"बाई बरोबर सांगते. मी तुला फार मोकळं सोडलं, ती माझी चूक. जा, ऐक तिचं."

मी सरांवरही रागावून परत आले.

झोनलच्या पहिल्या मॅचला मी मॅडमचं अगदी शब्दशः ऐकलं. फक्त पास. रिंगखाली एकटी उभी, समोर कोणी नाही, तरी पास. मॅडम बाहेरून ओरडत होत्या, "मार, सुनंदा, मार!"

मी यमुनाला पास दिला.
यमुनाने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं मी काय करतेय.

वाईट हरलो. परतीच्या बसमध्ये मॅडम खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, गुडघा दुखतोय. खोटं होतं. आणि हॉस्टेलवर पोरींना म्हटलं, "जायचा नाय कोणी. बघू, कोणाला खेळवते ती."

यमुना म्हणाली, "सर गेले. आता खेळ पण जाईल, सुनंदा."

"जाऊ दे."

आणि गेला.

मॅडम माझ्यासाठी गुडघ्याचा पट्टा घेऊन हॉस्टेलवर आल्या. "घाई करू नको. मी थांबते."
तो पट्टा मी महिनाभर घालून हिंडले. सगळ्यांना दिसावा म्हणून.

आठ पोरी यायच्या, त्या सहा झाल्या, मग चार. चौघींची टीम होत नाही. त्या वर्षी कॉलेजने आमचं नावच पाठवलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. कोर्टवर स्टाफच्या गाड्या लागायला लागल्या. "नवीन बाई आली आणि टीम संपली," असं स्टाफरूमपासून चहाच्या टपरीपर्यंत सगळे म्हणायचे. मॅडमनी कधी कोणाला उलट उत्तर दिलं नाही.

फक्त रोज सकाळी सहाला त्या कोर्टवर असायच्या. एकट्या.
खिडकीतून दिसायच्या नाहीत. धुक्यातून बॉलचा आवाज तेवढा यायचा.
टप.
टप.
टप.
मी पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायचे.

झोपेत अजूनही तो आवाज येतो. मी त्याच्या दिशेने चालत राहते आणि कोर्ट काही येत नाही.

गेल्या वर्षी मोखाड्याच्या बाजारात कोणीतरी मागून हाक मारली. मॅडम. केस पांढरे झालेले, हातात भाजीची पिशवी. कॉलेजच्या मुलांचा कॅम्प घेऊन आल्या होत्या.

"गुडघा कसा आहे गं?"

एवढ्या वर्षांनी पहिला प्रश्न तो.

"बरा आहे, मॅडम."

सांगायची संधी होती. समोर उभ्या होत्या. नाही सांगितलं.

"खेळतेस का?"
"शाळेत पोरींना शिकवते थोडं थोडं."
"किती आहेत?"
"चौदा."

मॅडम इतक्या खुश झाल्या की शेजारचा भाजीवाला बघायला लागला. "चौदा! मला एक वर्ष तरी मिळायला हव्या होत्या गं चौदा."
रागाने नाही म्हणाल्या. स्वप्न सांगावं तसं म्हणाल्या.
मग त्यांची जीप भरली आणि त्या गेल्या.

आज सुट्टीत माझ्या पोरी बॉल घेऊन आल्या. मी म्हटलं, आज नको, माझ्या कोच गेल्या.

सहावीतली एक म्हणाली, "बाई, त्या चांगल्या शिकवायच्या का?"

"हो," मी म्हटलं. "मी शिकले नाही."

हे मी त्या असताना लिहायला हवं होतं. जव्हारच्या ज्यांनी ज्यांनी त्यांना नावं ठेवली, त्यांनी हे वाचा आणि ती नावं मला द्या.

कदम मॅडम, मला माफ करा.
तुम्हाला मनापासून शेवटचा नमस्कार.