सळई तापेपर्यंत

आमच्या फाउंड्रीतला सगळ्यात भित्रा माणूस म्हणजे भट्टीचे मेस्त्री. लोखंडाच्या उकळत्या रसासमोर अख्खी नोकरी काढली, पण पाळीवर येताना चेहरा असा, जणू कामाचा पहिलाच दिवस. ओतकाम संपलं की घाम पुसत म्हणायचे, "आजचं निभावलं." कोल्हापुरात भित्रा म्हणवून घेणं कुणाला खपत नाही. यांना मात्र सगळे तोंडावर 'भित्रे मामा' म्हणत, आणि ते ओ देत.

मी प्रशिक्षण विभागात. नवी मुलं आली की मी ती मामांच्या हवाली करायची. मामा त्यांना काम नंतर शिकवत, आधी भ्यायला शिकवत. भट्टीजवळ कुणी दात काढले की पाठीत धपाटा. "हसतोस व्हय रं? त्यो रस काय तुझा मेव्हणा लागतोय?" माझ्याकडे तक्रारी यायच्या. मी त्या ऐकून घ्यायची आणि पुढची तुकडीही त्यांच्याकडेच धाडायची.

मग कंपनीने प्रशिक्षण ऑनलाइन केलं. टॅबवर व्हिडिओ बघायचा, प्रश्न सोडवायचे, पास झालं की थेट कामावर. व्हिडिओत काम करून दाखवायला अर्थातच मामांना उभं केलं. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"मॅडम, काम दिसंल ओ त्यात. भ्या कसं दिसंल?"

"तुम्ही रोजच्यासारखं करा मामा. बाकी व्हिडिओवाले बघतील."

रसावरची मळी लोखंडी सळईने काढतात. ती सळई मामा आधी भट्टीच्या तोंडाशी धरून चांगली तापवत. सळई जरा जरी दमट असली तरी रसात बुडताच भडका उडतो, आणि उडालेला थेंब डोळ्यात गेला की डोळा संपला. सळई तापेपर्यंत मामा चकार शब्द बोलत नसत. कॅमेऱ्यासमोरही बोलले नाहीत. व्हिडिओ जोडणाऱ्याला वाटलं, हा माणूस नुसताच उभा आहे. त्याने तेवढा भाग कापून टाकला. तयार झालेला व्हिडिओ बघायला मामांना बोलावलं, तर "माझं थोबाड मलाच बघवत न्हाय" म्हणून ते आलेच नाहीत.

ऑनलाइन शिकलेली पहिली तुकडी खाली भट्टीच्या शेडमध्ये उतरली त्या दिवशी हवा दमट होती. सगळी उत्तरं बरोबर आलेल्या एका मुलाने कोपऱ्यातली गार सळई उचलली आणि सरळ भट्टीकडे निघाला. मामा शेडच्या दुसऱ्या टोकाला होते.

"आरं, थांब! थांब म्हंतोय न्हवं!"

एवढ्या वयात ते तसे धावतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी मुलाला मागे ढकललं, पण सळईचं टोक रसाला टेकलंच. फाडकन आवाज झाला. ठिणग्या मामांच्या मनगटावर पडल्या.

मुलगा रडकुंडीला आला. "पण मामा, व्हिडिओत तुमी असंच केलंय की!"

त्याला धपाटा बसेल असं आम्हाला वाटलं. मामा खालीच बसले. "माझं बघून केलंस?" एवढंच म्हणाले. पुन्हा म्हणाले, "माझं बघून?"

पट्टी बांधलेल्या हाताने त्यांनी व्हिडिओतला तो भाग कॅमेऱ्यासमोर पुन्हा करून दिला. या वेळी काही कापू दिलं नाही, आणि सळई तापेपर्यंत बोलत राहिले. बोलताना आवाज थरथरतो. तो सुधारून घेऊ का, असं व्हिडिओ जोडणाऱ्याने मला विचारलं. मी नको म्हटलं.

निवृत्त होऊन मामा शाहूवाडीकडे गावी गेले. नवी तुकडी आली की मी त्यांना कळवते, आणि ते लगेच फोन करतात.

"पोरं भ्याली का मॅडम?"

"भ्याली मामा."

"नक्की?"

"नक्की."

टॅबवर मला फक्त गुण दिसतात. म्हणून पहिल्या ओतकामाला मी खाली जाऊन भट्टीपाशी उभी राहते. पास झालेली मुलं रमतगमत येतात, आणि ओतकाम संपलं की मी घाम पुसत म्हणते, "आजचं निभावलं."